तात्पुरतं आहे, मर्ज करू नका

त्या ऑफिसात माणसं कामाला होती असं म्हणणं हा कामाचा अपमान आहे, असं टाचणीचं मत होतं आणि ती ते लपवत नसे. टाचणी हे तिचं खरं नाव नव्हे. ते ऑफिसने ठेवलेलं, कारण बाई अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार. तिच्या कानावर ते गेलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. टाचणीने निदान चार कागद एकत्र राहतात. तुमच्यामुळे काय राहतं?" तेव्हापासून नाव कायम झालं.

कंपनी दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. खाली फरशांचं दुकान, वर हे. एसी गळायचा, त्याखाली एक निळी बादली ठेवलेली, आणि ती कुणी ओतायची यावर रोज वाद. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर कुणीतरी कधीकाळी चौकोन आणि बाण काढून खाली 'पुसू नका' लिहून ठेवलं होतं. काढणारा नोकरी सोडून गेला, बाणांचा अर्थ त्याच्याबरोबर गेला, तरी फळा कुणी पुसला नाही. त्या ऑफिसात पाळली गेलेली ती एकमेव सूचना.

आता कोड लिहिणाऱ्यांची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. प्रत्येकाने आपापल्या प्रतीवर काम करायचं, तिला ब्रांच म्हणतात. जेवढं काम झालं तेवढ्याची नोंद करायची, काय केलं ते एका ओळीत लिहायचं, खाली आपोआप आपलं नाव येतं. ही कमिट. सगळं झालं की आपली ब्रांच सगळ्यांच्या एका मुख्य प्रतीत मिसळायची, म्हणजे मर्ज करायची. मुख्य प्रतीला मेन म्हणतात, आणि मेनमध्ये जे जाईल ते दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्या दवाखान्यांत आपोआप सुरू होतं. रीत चांगली आहे. तिला माणसं वाईट मिळाली.

उदाहरणार्थ फायनल. हा टाचणीच्या शेजारी बसायचा. याच्या नोंदी बघाव्यात: 'फायनल'. 'फायनल २'. 'खरंच फायनल'. 'आता फायनल'. काय केलं, का केलं, एक अक्षर नाही. वर याला आणखी एक खोड. कुठलीही फाइल उघडली की काम करायच्या आधी हा ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा आपल्या आवडीप्रमाणे लावून घ्यायचा. त्यामुळे मशीनला वाटायचं की सगळी फाइलच बदलली, आणि टाचणीच्या कामाशी भांडण लागायचं. मग सकाळी आल्याआल्या तिने दोन ओळी समोरासमोर ठेवून ठरवायचं की यातली खरी कुठली. दोन्ही ओळी सारख्याच, फरक फक्त आधीच्या रिकाम्या जागेचा. "तुझ्या डोक्यातली मोकळी जागा कोडमध्ये कशाला आणतोस?" असं तिने एकदा विचारलं. फायनल मनापासून हसला. त्याला कशाचं काही वाटत नसे, हा त्याचा एकुलता एक गुण.

दुसरा ढकल्या. आपलं काम सर्व्हरवर चढवताना तिथे दुसऱ्याचं नवं काम आधीच असेल तर मशीन अडवतं, म्हणतं आधी ते खाली घे. ढकल्याला इतका धीर कुठला? जबरदस्तीने ढकलायची एक आज्ञा असते, ती तो दरवाजाला लाथ घालावी तशी घालायचा. एकदा दोघं एकाच ब्रांचवर असताना त्याने टाचणीचं अख्ख्या दुपारचं काम असं पुसून टाकलं. "अगं, तुझं होतं होय?" तो म्हणाला. "मला वाटलं जुनं काहीतरी पडलंय." तेव्हापासून टाचणी कुणाबरोबर ब्रांच वाटून घेत नसे, आणि काम शिजलेलं असो की कच्चं, संध्याकाळी नोंद करून सर्व्हरवर ठेवल्याशिवाय उठत नसे. पुढचं सगळं रामायण त्या सवयीतून घडलं.

पण ही दोघं नुसती गबाळी. तिरस्कार तिने राखून ठेवला होता तो इस्त्रीसाहेबांसाठी.

आधीचा हेड नोकरी सोडून गेला तेव्हा मेनची किल्ली वयाने मोठे म्हणून इस्त्रीसाहेबांकडे आली, 'तात्पुरती'. त्यांच्याशिवाय कुणाला मेनमध्ये काही मिसळता येत नसे. साहेबांचे शर्ट कडक इस्त्रीचे आणि तत्त्वही तेच. "इतिहास स्वच्छ हवा," ते म्हणायचे. "तुमच्या बारीकसारीक चुका, खाडाखोड, मेनमध्ये कशाला? एका कामाची एकच सुबक नोंद." म्हणून ते कुणाचीही ब्रांच घ्यायचे, तिच्यातल्या सगळ्या नोंदी दाबून एकाच नोंदीची घडी करायचे आणि ती मेनमध्ये ठेवायचे. वाईट काही नाही, बऱ्याच ठिकाणी करतात. फक्त इतर ठिकाणी हे काम एक बटण दाबून होतं आणि वर नाव मूळ माणसाचंच राहतं. साहेब बटण दाबत नसत. ते ही घडी स्वतःच्या मशीनवर हाताने घालायचे, आणि हाताने घातली की खाली नाव घालणाऱ्याचं येतं. हे त्यांना माहीत नव्हतं असं मानायला टाचणी दूधखुळी नव्हती. दुसऱ्याने खपून बीळ खणायचं आणि आत नागोबाने वेटोळं घालून बसायचं, वर बीळ किती नीटनेटकं ठेवलंय म्हणून फणा डोलवायचा.

एका माणसाच्या कामाला मात्र त्यांनी कधी इस्त्री लावली नाही. फायनलच्या. ते तसंच चुरगळलेलं, सगळ्या 'खरंच फायनल'सकट, त्याच्याच नावावर मेनमध्ये जायचं. स्वतःच्या नावावर घेताना तेवढी लाज साहेबांनाही वाटत असावी.

आता हेडची जागा कायमची भरायची होती. मालकीणबाईंनी सांगितलं होतं की सोमवारी त्या स्वतः मेनमधल्या वर्षभराच्या नोंदी बघून माणूस ठरवणार. बाईंना कोड कळत नव्हता, पण माणसं कळतात असा त्यांचा समज होता. "मला बोलून दाखवू नका," त्या म्हणायच्या, "नोंद दाखवा." जागा मिळणार एक तर साहेबांना, नाही तर टाचणीला. टाचणीला ती हवी होती, आणि ती ते मान्य करायला लाजत नव्हती. किल्ली हातात आली की पहिल्या दिवशी ती इस्त्री बंद करणार होती.

तिच्याकडे दाखवायला काम होतं. अर्धं वर्ष खपून तिने पेशंटना अपॉइंटमेंटची आठवण करणारी यंत्रणा मुळापासून नव्याने लिहिली होती. जुनी यंत्रणा म्हणजे नुसता पोरखेळ, दात काढून झाल्यावर दुसऱ्या दिवशी संदेश जायचा की आज दात काढायचा आहे. टाचणीची यंत्रणा बिनचूक होती, आणि देखणीही होती. असं काम माणसाकडून आयुष्यात दोनतीनदाच होतं आणि ते करताना त्याला कळत असतं. ब्रांच तयार होऊन कधीपासून साहेबांच्या तपासणीत पडली होती. ती विचारायची, साहेब म्हणायचे, "बघतो मॅडम, गडबड काय आहे?" ती म्हणायची, "माझ्या नोंदी तशाच ठेवा. घडी नको." साहेब म्हणायचे, "बघू." या दोन शब्दांवर त्या माणसाने अर्धी नोकरी काढली होती.

गुरुवारी घरी नळ दुरुस्तीला माणूस यायचा होता म्हणून टाचणी घरून काम करत होती. शेवटची एक चाचणी राहिली होती, खरोखर संदेश पोचतात का. कंपनीचा चाचणीचा फोन फायनलच्या ताब्यात होता आणि तो त्याने एसीखालच्या बादलीत पाडला होता. तिच्या स्वतःच्या नंबरावर इतके संदेश जाऊन झाले होते की संदेश कंपनीने तो बंदच केला होता. समोर टेबलावर सासूबाईंचा फोन पडलेला.

"आई, तुमचा फोन जरा घेऊ?"

"घे की. माझ्या भावाचा आला तर तेवढा दे. एरवी मला कोण करतंय?"

टाचणीने कोडमध्ये एक ओळ घातली. पेशंट कुणीही असो, संदेश या नंबरावर पाठव. फोन छान टुणटुणला, चाचणी पास झाली. तेवढ्यात नळवाला आला, मग पाणी वाहिलं, मग ते पुसलं. संध्याकाळी दमून ती लॅपटॉपपाशी आली आणि सवयीप्रमाणे दिवसाचं काम त्याच ब्रांचवर नोंद करून सर्व्हरवर ठेवलं. शेवटच्या नोंदीत तिने लिहिलं: 'तात्पुरतं आहे, मर्ज करू नका. उद्या सकाळी काढते.' ज्याला वाचता येतं अशा कुणालाही हे कळलं असतं.

शुक्रवारी सकाळी ती चहाचा कप घेऊन बसते न बसते तोच सासूबाई फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"सूनबाई, माझी अक्कलदाढ काढायची ठरवलीस आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"काय?"

"साडेनवाची वेळ आहे. उपाशीपोटी येऊ नये म्हणतायत. या वयात माझी अक्कल काढायला निघालीस होय?" फोन पुन्हा वाजला. "हे घे, पावणेदहाला कवळीचं माप. कवळी? मला? माझे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत. तुझ्या आईला विचार तिचे किती उरलेत."

फोन वाजतच राहिला. टाचणीने कप खाली ठेवला. तिने लॅपटॉप ओढला आणि मेन उघडली. सगळ्यांत वर एकच सुबक नोंद होती: 'आठवण यंत्रणा, नवी.' खाली नाव इस्त्रीसाहेबांचं.

सोमवार तोंडावर आला म्हणून साहेबांनी गुरुवारी संध्याकाळी तपासणीत पडलेलं सगळं भराभर घडी करून मेनमध्ये टाकलं होतं. न वाचता. तिची ओळही आत गेली होती आणि पहाटे सगळ्या दवाखान्यांत सुरू झाली होती. आणि इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. टाचणीला पहिला राग आला तो नावाचा. गावोगावचे पेशंट आज घरी बसणार आणि डॉक्टर रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसणार, हे तिच्या डोक्यात नंतर आलं.

तिने साहेबांना फोन लावला. त्यांनी कापला. पुन्हा लावला. संदेश आला: 'बाईंना नवी यंत्रणा दाखवतोय. नंतर बोलू.' ती ओळ तिने अर्ध्या मिनिटात काढली असती, पण किल्ली साहेबांकडे. कप तसाच टाकून ती निघाली. मागून सासूबाई विचारत होत्या की रूट कॅनाल म्हणजे काय आणि त्याला आपण जायचं आहे का.

ती पोचली तेव्हा ऑफिसातले सगळे फोन एकदम वाजत होते. साहेब बाईंच्या केबिनमधून बाहेर आले होते, चेहऱ्याची इस्त्री अजून मोडलेली नव्हती. "काहीतरी सर्व्हरचा प्रॉब्लेम दिसतोय," ते म्हणाले.

"सर्व्हरचा नाही. ओळ काढा."

"कुठली ओळ?"

आपल्याच नावावरच्या यंत्रणेत आपल्याला काही सापडत नाही, हे त्या माणसाच्या कपाळावरच्या घामात स्पष्ट दिसत होतं. तिने मागे उभं राहून बोटाने दाखवली. त्यांनी ती काढली आणि पहाटेची वाट न बघता दुरुस्ती हाताने सगळ्या दवाखान्यांत पाठवली. तोवर निम्म्या दवाखान्यांची सकाळ फुकट गेली होती.

बाईंनी जेवणाच्या सुट्टीआधी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. जाताना फायनलने टाचणीला जिन्यापाशी गाठलं. त्याने आजवर कुणाला कामाचा सल्ला दिला नव्हता, हा पहिला.

"तू गप्प बस. ऐक माझं. नोंदीत तुझं नावच नाही. आयता सापडलाय तो. सोमवारी जागा तुझी."

नवऱ्याला फोन केला तर तोही तेच म्हणाला. "आपण होऊन कशाला गळ्यात घेतेस? हात दाखवून अवलक्षण."

आणि टाचणीला ते पटलं. तिने तोंडावर कुलूप घालायचं ठरवलं आणि ती खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. इस्त्रीखाली स्वतःचाच हात भाजलेला माणूस बघायला मिळणार होता, आणि ती त्या करमणुकीची मनातून वाट बघत होती.

बाईंनी पडद्यावर नोंद दाखवली. "हे तुमचं?"

"तसं बघितलं तर बाई," साहेब म्हणाले, "यातलं बरंचसं प्रत्यक्ष लिखाण मॅडमनी केलंय."

"सकाळी माझ्या केबिनमध्ये तर म्हणालात, रात्रंदिवस खपून तुम्ही लिहिलंय. माझी कॉफी प्यायलात तेव्हा मॅडमचं नाव आठवलं नाही?"

 ढकल्या टेबलाकडे बघत होता. टाचणीने ओठ घट्ट मिटले. आता एवढं बसून राहायचं, बस.

पण साहेबांनी एवढी वर्षं नुसती शर्टावर काढली नव्हती. त्यांनी खोल श्वास घेतला, हात जोडल्यासारखे केले आणि आवाज खाली आणला.

"ठीक आहे बाई. मी कबूल करतो. ती ओळ मीच घातली. चाचणीसाठी घातली आणि काढायला विसरलो. एवढी मोठी यंत्रणा एकट्याने उभी करताना एखादी ओळ राहून जाते. दोष माझा. पण यंत्रणा बघा. उद्यापासून ती कशी चालते ते बघा."

बाईंचा चेहरा सैल झाला. "चूक मान्य करायला मोठं मन लागतं," त्या सगळ्यांकडे बघत म्हणाल्या. "शिका काहीतरी."

टाचणीने काम चोरणारी माणसं बघितली होती. चूक चोरणारा माणूस तिने पहिल्यांदा बघितला. आणि त्या चोरीचं त्याला आता बक्षीस मिळणार होतं, कारण चूक त्याची ठरली की काम कायमचं त्याचं होत होतं. चूक तिची होती हे खरं. ती मूर्खपणाची होती हेही खरं. पण ती अर्ध्या वर्षाच्या कामातली, दमलेल्या संध्याकाळची, वर सूचना लिहून ठेवलेली चूक होती. ती करायला आधी काम करावं लागतं. हा माणूस आजवर एवढी चांगली चूक करण्याच्या लायकीचा तरी होता का?

"ती ओळ माझी आहे," ती म्हणाली.

फायनलने टेबलाखालून तिला लाथ मारली.

"ती ओळ माझी, आणि वरखालची सगळी यंत्रणाही माझी. माझी चूक यांच्या नावावर राहिलेली मला चालणार नाही."

"मॅडम भावनेच्या भरात बोलतायत," साहेब मायेने म्हणाले. "माझ्यासाठी स्वतःवर घेतायत. टीम असावी तर अशी."

"ओळीत एक फोन नंबर आहे," टाचणी म्हणाली. "कुणाचा आहे तो?"

साहेब हसले. "चाचणीचा. माझ्या एका ओळखीच्यांचा."

"मग लावा की."

बाईंनीच तो लावला. स्पीकरवर. फोन दुसऱ्या घंटेला उचलला गेला.

"दवाखाना असेल तर आधी ऐकून घ्या," आतून आवाज आला. "माझा एकही दात हलत नाही. सकाळपासून किती वेळा सांगायचं? मी काही कुठे यायची नाही."

"नमस्कार," बाई म्हणाल्या. "आपण इस्त्रीसाहेबांना ओळखता का?"

"इस्त्रीवाल्याचे कपडे कालच दिले. आणि तुम्ही कोण? हे सगळं आमच्या सूनबाईचं काम आहे. काल दिवसभर माझा फोन घेऊन बसली होती, माझा भाऊ फोन करून करून कंटाळला बिचारा. हुशार आहे हो पोरगी, पण लक्ष नाही. दूध उतू जाईल तरी त्या डब्यातून डोकं वर काढायची नाही. तिथे असेल तर तिला म्हणावं, येताना माझ्या फोनची ती कटकट बंद करून ये."

बाईंनी फोन ठेवला. कुणी हसलं नाही, कारण कुणाला पहिलं हसायची हिंमत झाली नाही. टाचणीने आपल्या मशीनवरची ब्रांच उघडून बाईंसमोर ठेवली. अर्ध्या वर्षाच्या नोंदी, एकाखाली एक, खाली तिचं नाव. बाईंनी शेवटची नोंद मोठ्याने वाचली. "'तात्पुरतं आहे, मर्ज करू नका.'" मग त्यांनी साहेबांकडे बघितलं. "तुम्हाला वाचता येतं?"

"बाई, घडी घालताना आतल्या नोंदी काही..."

"बसा."

बाईंना माणसं कळतात ती अशी: त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला. साहेबांकडून किल्ली काढून घेतली, हे बरोबर. सासूचा फोन नंबर कंपनीच्या कोडमध्ये घालणाऱ्या बाईलाही हेड करता येणार नाही, हेही एक वेळ बरोबर. "मग राहिलं कोण?" असं म्हणून त्यांनी मेनमधल्या नोंदी नावाप्रमाणे मोजायला लावल्या. साहेबांच्या मोठ्या पण मोजक्या. ढकल्याच्या आणि टाचणीच्या जवळजवळ नाहीतच, कारण सगळ्या इस्त्रीखाली गेलेल्या. आणि एका माणसाच्या ढिगाने, पानामागून पान, रोजच्या रोज.

"बघा," बाई म्हणाल्या, "हा मुलगा गाजावाजा न करता किती काम करतोय. आणि प्रत्येक काम शेवटाला नेतोय. तसं प्रत्येक नोंदीत स्वतः लिहिलंय त्याने."

कानामागून आला आणि तिखट झाला म्हणतात, पण फायनल तिखट होणाऱ्यातला नव्हता. तो नुसता गोंधळला. किल्ली त्याच्या हातात आली तेव्हा त्याने ती कुणाची तरी चुकून आलीये अशा नजरेने सगळ्यांकडे बघितलं.

टाचणी बाहेर येऊन फळ्यासमोर उभी राहिली. जागा गेली होती. गेली ती फायनलकडे. दगडापेक्षा वीट मऊ असं स्वतःला सांगून बघितलं, पण वीट डोक्यात पडली तरी लागतेच. तिला रडू येत नव्हतं, शिव्या येत होत्या. त्या तिने बादली ओतेपर्यंत मनात दिल्या.

फायनल मागून आला. खरंच वाईट वाटलेल्या माणसासारखा उभा राहिला. "हे बघ, मला काही नको होतं. पण आता किल्ली आहे तर तुझं काम तुझ्या नावाने लावतो. साहेबांची ती घडी काढून टाकतो आणि तुझी ब्रांच आहे तशी मिसळतो. सगळ्या नोंदींसकट. घडी नाही, काही नाही."

अर्ध्या वर्षात तिच्याशी कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं. तिला त्याचा क्षणभर तिरस्कारसुद्धा वाटला नाही. "सोमवारी कर," ती म्हणाली. "आधी मला ती शेवटची नोंद काढू दे. कळलं ना? शेवटची."

"कळलं कळलं. शेवटची."

शनिवारी सगळे घरी होते. नवरा उशिरा उठून पेपर चाळत होता. टाचणी भाजी निवडत होती आणि लॅपटॉप बंद होता, मुद्दाम. सासूबाईंचा फोन टेबलावर टुणटुणला. थांबला. पुन्हा टुणटुणला. मग थांबेचना.

सासूबाईंनी चष्मा लावला. "सूनबाई," त्या शांतपणे म्हणाल्या, "सव्वादहाला माझ्या हिरड्या साफ करणार आहेत."

नवरा पेपर खाली ठेवून बघायला लागला. टाचणीने हात पुसले आणि लॅपटॉप उघडला. नव्या हेडने हुरूप दाखवला होता. सोमवारची वाट कशाला बघायची म्हणून शुक्रवारीच साहेबांची घडी काढली होती, तिच्याबरोबर काल काढलेल्या ओळीची दुरुस्तीही गेली होती, आणि टाचणीची ब्रांच आहे तशी मिसळली होती. शेवटच्या नोंदीसकट. वर मर्जची नोंद फायनलच्या हाताची होती: 'फायनल'.

"अगं, कर ना काहीतरी," नवरा म्हणाला. "फोन लाव त्याला."

"लावते."

पण तिने लगेच लावला नाही. ती पडद्याकडे बघत होती. अर्ध्या वर्षाचं सगळं काम मेनमध्ये होतं, एकाखाली एक, कुणी न दाबलेलं, आणि प्रत्येक नोंदीखाली नाव तिचं होतं. सगळ्यांत शेवटच्या, 'मर्ज करू नका'च्या खालीही. ती ते वरून खालपर्यंत नीट वाचून काढेपर्यंत सासूबाईंच्या नावावर आणखी तीन दाढा, एक कवळी आणि एक तारांचा जोड लागला होता. मग तिने फोन हातात घेतला.